धुराड्याची कुळकथा

तीन दगडांच्या चुलीतली राख काढली की ती साफ झाली. काजळी छपराला, भिंतीला आणि रांधणाऱ्या बाईच्या छातीत जाते; चूल मोकळीच राहते. धुराडं बसवलं की काजळी पाइपात साठते आणि ती काढायचं नवं काम घरात येतं. बिनधुराची चूल पोचवणाऱ्या योजनांना याच कामाचा विसर पडला.

ही चूल मूळची विदर्भातल्या वर्ध्याची. १९३४ साली निघालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम तिथल्या मगनवाडीत चाले, जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली. १९४७च्या सुमारास तिथं मातीची, धुराड्याची चूल तयार झाली. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावानं ती मगन चूल झाली. पुढे १९८३ साली केंद्राचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम आला. महाराष्ट्रात धुराड्याची ‘लक्ष्मी’ आणि बिनधुराड्याची ‘भाग्यलक्ष्मी’ अशी वाणं निघाली. देशभर सुमारे साडेतीन कोटी चुली बसल्या आणि २००२ साली कार्यक्रम बंद पडला.

अशी चूल धूर मागे फेकू लागली की दोष तिच्या तोंडात, भांड्याच्या बुडाशी किंवा पाइपात शोधायचा. जाड लाकूड जावं म्हणून तोंड रुंद केलेलं असतं. वैलावर भांडं नीट बसत नसेल तर धूर फटीतूनच निघतो. पाइप कवेलूंच्या आढ्याखालीच संपला असेल तर वारा धूर परत आत लोटतो. सगळ्यात नेहमीचं म्हणजे धुराडं चोंदणं. पावसाळ्यात ओलं जळतण घातलं की धूर पाइपात थंड होऊन डांबरासारखा चिकट थर धरतो. कोरड्या लाकडाची काजळी भुरभुरीत असते, बांबूच्या काठीला चिंध्या बांधून वरून फिरवली की सुटते. हा थर मात्र खरवडावा लागतो.

साफ करायचं काम उष्णतेवर सोपवायचाही प्रयत्न झाला आहे: अमेरिकेत १९६३ साली जनरल इलेक्ट्रिकनं स्वतः साफ होणारी भट्टी बाजारात आणली. ती आतून सुमारे ४८० अंश सेल्सियसपर्यंत तापते आणि चिकटलेल्या तेलकट थराची राख होते. ती राखही शेवटी ओल्या फडक्यानं पुसावी लागते. मातीच्या धुराड्यात एवढी उष्णता पोचतच नाही. तिथं हातच लागतो.

हा हात कुणाचा, ते चूल बसवताना कुणी ठरवलं नाही. पाइप छपरावरून साफ करायचा आणि बाईनं कवेलूंवर चढायचं नाही, अशी घराची रीत. मग चोंदलेली चूल मोडून पुन्हा उघडी मांडली गेली. त्यात एक खरी सोयही होती: धुरामुळे छपरातल्या बांबूला भुंगा लागत नाही. ही गरज योजनेच्या कागदावर नव्हती.

२०१६ साली गॅसजोडणी देणारी केंद्राची उज्ज्वला योजना आली. सिलिंडरवर चहा आणि चुलीवर आंघोळीचं पाणी, अशी वाटणी पुष्कळ घरांत झाली आहे. ताडोबाच्या जंगलाभोवतालच्या गावांत सरपणाला गेलेल्या बाया वाघाच्या हल्ल्यात गेल्या आहेत. तिथं चुलीचा प्रश्न धुरापुरता उरत नाही.