वसईचे इंग्रजी नाव

आपल्या गावाचे नाव मराठीत लिहिताना आपण कधी अडखळत नाही. प्रश्न उभा राहतो तो इंग्रजीत लिहिताना. लग्नाची निमंत्रणपत्रिका, चर्चच्या शतकमहोत्सवाची स्मरणिका किंवा परदेशी राहणाऱ्या नातवंडांसाठी लिहिलेली कुळाची हकिगत असो, तेथे ‘वसई’ लिहावे की ‘बॅसीन’? कोणी म्हणतो, बॅसीन हे गुलामीचे चिन्ह. कोणी म्हणतो, वाडवडिलांच्या कागदांवर तेच नाव आहे. दोघांचे म्हणणे ऐकून घेण्यापूर्वी या नावाचा इतिहास पाहणे इष्ट होईल.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांना दिला. मुंबईची बेटेही त्यातच होती. लोकांच्या तोंडचे नाव नव्या राज्यकर्त्यांनी आपल्या कानांना ऐकू आले तसे लिहिले. ‘व’चा ‘ब’ झाला आणि शेवटचा स्वर नाकातून उच्चारला गेला. हेच ते ‘बासाईं’. पोर्तुगीज लिपीत या अनुनासिकासाठी शेवटी ‘म’चे अक्षर घालतात, पण त्याचा उच्चार ‘म’ असा होत नाही. मुंबईचे ‘बोंबाईं’ आणि कोचीचे ‘कोचीं’ ही नावेही अशीच लिहिली गेली.

पुढे इंग्रजांनी ही नावे पोर्तुगीजांकडून उचलली. त्यात मौज अशी, की मुंबईच्या नावातले अनुनासिक त्यांनी गाळले आणि ‘बॉम्बे’ केले. कोची व वसई यांच्या नावांत मात्र त्याचा स्पष्ट ‘न’ करून ‘कोचीन’ आणि ‘बॅसीन’ अशी रूपे रूढ केली. म्हणजे बॅसीन हे इंग्रजांनी नव्याने ठेवलेले नाव नव्हे. ते आपलेच नाव आहे. दोन परक्या भाषांतून फिरून आलेले. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकल्यानंतर गावाला ‘बाजीपूर’ असेही नाव मिळाले होते. ते टिकले नाही. माणसांच्या तोंडी वसई होती, ती वसईच राहिली.

बॅसीन या नावात आणखी एक अडचण होती. ब्रह्मदेशात इरावती नदीच्या त्रिभुज प्रदेशात एक मोठे बंदर आहे. त्यालाही इंग्रज बॅसीनच म्हणत. एकाच साम्राज्यात एकाच नावाची दोन बंदरे! तेथील कॅथलिक धर्मप्रांतही पूर्वी बॅसीन याच नावाने ओळखला जाई. १९८९ मध्ये तेथील सरकारने इंग्रजी नावे बदलली आणि त्या शहराचे ‘पाथेइन’ झाले. त्यामुळे जुन्या इंग्रजी पुस्तकात नुसते बॅसीन आढळले, तर ते कोणते, हे वाचकाला संदर्भावरूनच ठरवावे लागते.

ही अडचण आपल्याही दाराशी येते. संत गोन्सालो गार्सिया आपल्या वसईचे सुपुत्र. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे त्यांनी रक्तसाक्ष दिली आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद प्राप्त झाले. कित्येक जुन्या इंग्रजी ग्रंथांत त्यांचे जन्मस्थान बॅसीन असे दिलेले असते. ते वाचून एखादा परदेशी भाविक आजच्या नकाशात बॅसीन शोधू लागला, तर त्याला वसई सापडणार कशी? संताच्या नावाशी जोडलेले गाव केवळ शब्दाच्या घोळामुळे हरवावे, ही साधी गोष्ट नाही.

मग लिहावे कसे? आमच्या मते नियम सोपा आहे. आजच्या गावाबद्दल लिहिताना इंग्रजीतही ‘वसई’च लिहावे. रेल्वे स्थानकाचे जुने ‘बॅसीन रोड’ हे नाव जाऊन ‘वसई रोड’ झाले. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या धर्मप्रांताने आणि २००९ मध्ये आलेल्या महानगरपालिकेनेही वसई हेच नाव घेतले. ऐतिहासिक घटनेचे रूढ नाव मात्र बदलू नये. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी केलेला तह इंग्रजी इतिहासात ‘बॅसीनचा तह’ म्हणूनच ओळखला जातो. तेथे पुढे कंसात ‘आजची वसई’ एवढे लिहिले की पुरे. संस्थेचे नाव तिने स्वतः ठेवले असेल तसेच लिहावे. १९१८ साली स्थापन झालेली आपली बॅसीन कॅथलिक बँक जुनेच नाव अभिमानाने मिरवते. १९९५ मध्ये बॉम्बेचे मुंबई झाले, तरी तेथील उच्च न्यायालयाच्या आणि महाधर्मप्रांताच्या इंग्रजी नावांत बॉम्बे कायम राहिले, हेही ध्यानात घ्यावे.

सर्वांत अधिक जपायला हवे ते जुन्या कागदांना. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत, खरेदीखतात किंवा आजोबांच्या पत्रात बॅसीन असेल, तर नक्कल करताना ते खोडून वसई करू नये. मूळ शब्द तसाच उतरवावा आणि आजचे नाव शेजारी कंसात द्यावे. आज आपण सोयीसाठी शब्द बदलला, तर उद्या मूळ नोंद शोधणाऱ्या नातवाला नक्कल आणि मूळ यांचा मेळ घालता येणार नाही. उलट दोन्ही नावे शेजारी असली, तर ज्याला केवळ बॅसीन ठाऊक आहे आणि ज्याला केवळ वसई ठाऊक आहे, ते दोघेही एकाच गावी येऊन पोहोचतील.

बॅसीन म्हणणाऱ्या वृद्धाला परका समजू नये आणि वसई लिहिणाऱ्या तरुणाला इतिहासद्रोही म्हणू नये. आपल्या घराघरांतून आता इंग्रजीत लिहिणारी पिढी आली आहे. गावाचे नाव इंग्रजीत कसे लिहावे आणि ते तसे का, हे तिला सांगणे आपल्याच हाती आहे.