येणारं पाणी, जाणारं पाणी

अमेरिकेतल्या बार्बेक्यू स्पर्धांची नियमावली वाचणं हा काही कोणाचा शनिवार घालवायचा छंद असू शकत नाही. पण आमच्या धंद्यात कुठल्याही यंत्रणेचं मॅन्युअल दिसलं की हात शिवशिवतात, त्याला इलाज नाही. कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटी नावाची एक संस्था आहे, 1985 साली निघालेली. मेम्फिसची स्पर्धा त्याहून जुनी, 1978 ची. दिवसरात्र धुरात बसून मांस भाजायचं आणि परीक्षकांपुढे डबा ठेवायचा, असा तो प्रकार. या सोसायटीच्या नियमांत आंच लाकडाची किंवा कोळशाची हवी, गॅस आणि विजेवर भाजायला बंदी. सळई फिरवायला वीज चालते, शिजवायला नाही. इथवर गंमत. पुढे मात्र कामाची कलमं सुरू होतात. सामान आणि वीज ज्याची त्याने आणायची, आधी काही ठरलं असेल तर गोष्ट वेगळी. भांडी धुवायला, विसळायला आणि निर्जंतुक करायला वेगवेगळी भांडी प्रत्येक चमूकडे हवीत. जमिनीवर थेट जाळ करायचा नाही, खड्डा खणायचा नाही. जाताना विस्तव विझवायचा आणि जागा साफ करून द्यायची.

म्हणजे बघा, मांस कसं मुरवायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण धुण्याचं पाणी, राख आणि कचरा यांबद्दल आम्ही सांगू तसं. हे वाचलं आणि डोक्यात आपल्या मुंबईतले मासळीचे महोत्सव आले.

आपल्याकडे 'बार्बेक्यू स्पर्धा' अशी काही परंपरा नाही, पण वेसाव्याचा कोळी सी-फूड महोत्सव 2000 च्या दशकापासून गाजतोय. माहीमला पालिकेने 2023 साली बचत गटांच्या बायकांना घेऊन समुद्राकाठी मासळीचे स्टॉल सुरू केले. उघड्यावर, रात्री, समुद्राच्या वाऱ्यात, शेकडो माणसांसाठी बांगडा भाजायचा आणि बोंबील तळायचे. अडचणी मेम्फिसच्याच. फक्त आपलं म्हावरं डुकराच्या मांसापेक्षा जास्त पाणी मागतं. खवलं, कल्ले, आतडी, तिसऱ्यांमधली वाळू, कोळंबीचा काळा दोरा... सगळं धुवूनच काढायचं.

मग मी उदाहरण म्हणून कागदावर एक जत्रा मांडली. जागा कफ परेडचं मच्छीमार नगर. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या बाजूला काम असलं की त्या बाजूने पाय वळतातच, आणि 2025 च्या ऑक्टोबरपासून मेट्रो 3 थेट कफ परेडपर्यंत येते, त्यामुळे गिऱ्हाइकाची चिंता नाही. चाळीस स्टॉल धरू. प्रत्येकी दोन पाचशे वॉटचे हॅलोजन, एक छोटा डीप फ्रीझर, एक मिक्सर. मिळून दोन किलोवॉट पकडा. चाळीस स्टॉलचे ऐंशी, म्हणजे सव्वाशे केव्हीएचा जनरेटर सुखाने पुरेल. हॅलोजन काढून एलईडी लावले तर त्याहून पुष्कळ कमी.

पाण्याचा हिशेब असा: वीस वीस लिटरची तीन टबं, संध्याकाळभरात सहा वेळा बदलली तर 360 लिटर. मासे साफ करायला आणि हात धुवायला आणखी थोडं, म्हणजे स्टॉलमागे 500 लिटर. चाळीस स्टॉलचे 20,000 लिटर, दहा हजारांचे दोन टँकर. (हे सगळे माझे आकडे, कोणी मोजलेले नाहीत. पण एखाद्या कोळीणमावशीला विचारलंत तर ती मला कंजूषच म्हणेल.)

इथवर आयोजक येतोच. जनरेटर सांगितला, टँकर सांगितला, चहा मागवला. पण वीस हजार लिटर आत आले तर वीस हजार लिटर बाहेर जाणार, आणि तेही खवलं, रक्त, तेल, साबण घेऊन. ते कुठे जाणार हा रकाना माझ्या कागदावर बराच वेळ कोराच होता. आमच्याकडे याला मेमरी लीक म्हणतात. जागा मागणारे सगळे, परत सोडणारा कोणी नाही, आणि प्रोग्रॅम तिसऱ्या दिवशी गचकतो.

आता गंमत अशी की हा रिकामा रकाना मुंबईचाच जुना आहे, आणि कफ परेडचा जन्मही थोडाफार त्यातूनच झालाय.

मुंबई बेट चहूकडून खारं, पण गोड्या पाण्याच्या विहिरी होत्या. चर्चगेटजवळची भिका बेहराम विहीर 1725 ची, समुद्र इतका जवळ असूनही पाणी गोड. पुढे वस्ती वाढली तशी विहिरी आणि तलाव पुरेनात. धोबी तलाव, सी. पी. टँक, गवालिया टँक ही आज नुसती बसच्या पाटीवरची नावं आहेत, तेव्हा ते खरेच तलाव होते. हेन्री कॉनीबेअरच्या आराखड्याप्रमाणे मिठी नदी अडवून विहार तलाव बांधला आणि 1860 मध्ये शहराला नळाचं पाणी मिळू लागलं. 1879 ला तुळशी, 1892 ला तानसा. तानसा तर शंभरेक किलोमीटरवर, ठाणे जिल्ह्यात आत. त्या काळात एवढ्या लांबून पाणी आणणं म्हणजे खायचं काम नाही.

पण आणलेलं पाणी जायचं कुठून? मैलापाण्याच्या योजना 1860 पासून कागदावर एकामागून एक येत राहिल्या. हा इंजिनिअर म्हणतो इकडे सोडा, तो म्हणतो तिकडे. वरळीचं लव्हग्रोव्ह पंपिंग स्टेशन व्हायला 1880 चं दशक उजाडलं, आणि तेव्हाही गटारं शहराच्या सगळ्या भागांत पोचली नव्हती. नळ आले, गटारं राहिली. जमीन वर्षभर ओली राहू लागली आणि आरोग्य खात्याची माणसं त्यावर ओरडत राहिली. 1896 साली प्लेग आला तेव्हा कित्येकांनी खापर या ओलीवर फोडलं. तानसाचं पाणी जमिनीत मुरतंय आणि रोग उठतोय, असा तर्क. तो चुकीचा होता. प्लेग उंदरांवरच्या पिसवांनी पसरतो हे 1898 मध्ये पॉल लुई सिमोंने कराचीत दाखवून दिलं. पण तक्रारीचा अर्धा भाग मला पटतो. पाणी आत घेताना बाहेरचा मार्ग कोणी आखला नव्हता, हे खरंच होतं.

प्लेगनंतर, 1898 मध्ये, सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. दाट वस्त्या मोकळ्या करायच्या, रुंद रस्ते काढायचे, नवी जमीन तयार करायची. त्या ट्रस्टच्या कामातून बॅकबेच्या दक्षिण टोकाला समुद्रात भराव घालून एक पट्टा झाला आणि ट्रस्टच्याच टी. डब्ल्यू. कफ यांचं नाव त्याला मिळालं. तोच हा कफ परेड. पुढचे भराव 1920 च्या दशकात आणि मग 1960-70 च्या सुमारास. समुद्र मागे सरकत गेला आणि त्याच्याबरोबर कोळ्याची होडी लावायची जागाही. आज तिथे टॉवरच्या पायथ्याशी होड्या दिसतात तेव्हा बाहेरच्या माणसाला वाटतं की होड्या चुकून इथे आल्यात. क्रम उलटा आहे. कुलाबा हे नावच कोळ्यांवरून पडलं म्हणतात.

विजेची गोष्ट याहून छोटी, पण मजेदार. मुंबईत रस्त्यावर गॅसचे दिवे 1865 मध्ये आले. विजेचा पहिला मोठा प्रयोग झाला तो 1882 साली, आणि कुठे, तर क्रॉफर्ड मार्केटात! म्हणजे जिथे फळं, भाजी, मटण आणि मासळी विकतात तिथे. राजवाड्यात नाही, कचेरीत नाही, मंडईत. ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीने दिवे लावले, पुढच्याच वर्षी कंपनी बुडाली आणि मार्केट परत गॅसवर आलं. नीट वीज यायला 1905 ची बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी लागली. तीच 7 ऑगस्ट 1947 ला पालिकेच्या ताब्यात गेली, आपली बेस्ट. मधल्या काळात जत्रा आणि उरूस चालले ते पेट्रोमॅक्सवर. माझ्या वयाच्या माणसांनी डोक्यावर गॅसबत्ती घेतलेली वरातीतली माणसं पाहिली आहेत.

सांगायचं काय, तर वीज नसली तरी जत्रा होते. तात्पुरती जोडणी द्यायची रीतसर पद्धतही आहे, गणेशोत्सव मंडळांच्या कृपेने ती सगळ्यांना पाठ आहे. वीज आयोगाच्या दरपत्रकात तर बरीच वर्षं तात्पुरत्या पुरवठ्याच्या दोन वेगळ्या ओळी होत्या, धार्मिक कामाला एक दर आणि बाकीच्यांना दुसरा, चढा. मासळीची जत्रा अर्थात बाकीच्यांत. (देवाला दिलेली वीज आणि बोंबलाला दिलेली वीज यांच्या इलेक्ट्रॉनमध्ये काय फरक असतो, हे मला कॉलेजात शिकवलं नव्हतं.)

विजेपेक्षा मासळीला जास्त गरज बर्फाची. 1830 च्या दशकात बोस्टनच्या तळ्यांतला बर्फ जहाजाने मुंबईत यायचा, तो साहेबाच्या ग्लासात पडायचा. कोळ्याच्या पाटीत बर्फ आला तो कारखान्यांतून, पुष्कळ नंतर. स्टॉलवर फ्रीझर बंद पडला तर बर्फाची लादी वेळ मारून नेते, पण वितळलेल्या लादीचं पाणीही परत त्याच रिकाम्या रकान्यात जातं. हे मी सुरुवातीला मोजलंच नव्हतं, आता वीस हजारांत मिळवा.

आता जो भाग मला नुसता मजेशीर वाटत नाही तो सांगतो. कुलाबा, कफ परेडला पाणी येतं मलबार हिलच्या जलाशयातून, हँगिंग गार्डनच्या खालच्या, 1880 च्या दशकातल्या टाक्यांमधून. शंभर किलोमीटरचा प्रवास करून पाणी शहराच्या अगदी दक्षिण टोकाला पोचतं, ठरावीक तासांपुरतं. मुंबईत वस्ती अमुक तारखेनंतरची असेल तर नळजोडणीच नाही, असा नियम कित्येक वर्षं होता. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर 2014 मध्ये सांगितलं की घर बेकायदा असलं तरी पिण्याचं पाणी नाकारता येणार नाही, तो जगण्याच्या हक्काचा भाग आहे. पालिकेचं 'सर्वांसाठी पाणी' धोरण आलं 2022 च्या मे महिन्यात, निकालानंतर सात वर्षांनी. आणि महोत्सव म्हटला की टँकर एका फोनवर. महोत्सवाला माझा विरोध नाही, मी स्वतः ताटावर ताटं रिचवतो. पण तीन दिवसांच्या पाहुण्याला मिळतं ते बाराही महिने राहणाऱ्याला अर्ज करकरून मिळावं, यात काहीतरी खटकतं.

दुसरी गोष्ट बायकांची. स्टॉलवर दुपारी चारपासून रात्री अकरापर्यंत उभ्या असतात त्या बहुतेक बायका. मंडप केवढा, ध्वनिक्षेपक किती, पाहुणे कोण, याच्या बैठका होतात. मुतारीची चर्चा शेवटी, तीही दबक्या आवाजात. 2011 मध्ये मुंबईत 'राइट टू पी' मोहीम सुरू झाली ती याच कारणाने: सार्वजनिक मुताऱ्यांत पुरुषांना फुकट आणि बायकांकडून पैसे. म्हणून मग बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. एवढे दोन टँकर शेजारी उभे आणि तळणारीच्या घशाला कोरड. जाणाऱ्या पाण्याचा रकाना कोरा राहिला की तो असा कोणाच्या तरी शरीरात भरून काढला जातो.

आणि उरलेलं जातं समुद्रात. मच्छीमार नगराचा उतार कुठल्या बाजूला आहे हे बघायला लेव्हल मशीन लागत नाही, होड्या आहेत तिकडे. अख्ख्या शहराचंही तेच झालं. वरळी आणि वांद्र्याचं मैलापाणी समुद्रात साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांब बोगद्यांतून सोडतात, आणि त्याच समुद्रात डोलीचं जाळं लागतं.

मी शेवटी कागद उलटा केला आणि मागच्या बाजूने मांडायला सुरुवात केली. आधी बाहेर जाणारं. प्रत्येक स्टॉलमागे जाळीचा डबा, खवलं आणि काटे तिथेच अडायला हवेत. वापरलेलं तेल वेगळ्या पिंपात. 2018 पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने असं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवायची योजना चालवली आहे, म्हणजे नेणारा सापडतो. राखेला झाकणाचं पत्र्याचं पिंप, कारण समुद्राच्या वाऱ्यात निखारा विझला असं समजणं महागात पडतं. सांडपाणी गोळा करायला दोन बंद टाक्या आणि रोज रात्री ते उपसून मलवाहिनीत सोडणारा टँकर. शौचालयं स्टॉलवाल्यांची वेगळी, उजेडात आणि जवळ. हे सगळं आखून झाल्यावर जेवढी जागा आणि जेवढ्या टाक्या उरल्या, त्यावरून स्टॉल मोजले.

चाळीस नाही बसले. सव्वीस बसले.