डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि हृदयस्नायूच्या संरक्षणाचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा

भारतातील हृदयशस्त्रक्रियेचा इतिहास लिहिताना पहिली शस्त्रक्रिया कोणी व केव्हा केली, या प्रश्नाला अवास्तव महत्त्व दिले जाते. शस्त्रक्रिया चालू असताना हृदयाचा स्नायू जिवंत कसा ठेवला गेला, हा प्रश्न मात्र मागे पडतो. वस्तुतः शल्यविशारदाची खरी अडचण तीच होती. टाके घालण्यासाठी हृदय स्थिर व रक्तविरहित हवे. परंतु रक्तपुरवठा थांबताच प्राणवायूअभावी स्नायूचा ऱ्हास सुरू होतो. प्रस्तुत लेखात मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

यावरील पहिला उपाय शीतनाचा होता. शरीराचे तापमान उतरविल्यास प्राणवायूची गरज घटते, हे कॅनडातील बिगेलो यांनी १९५० मध्ये प्रयोगांती दाखविले. १९५५ मध्ये इंग्लंडमधील मेलरोज यांनी पोटॅशियम सायट्रेट देऊन हृदय थांबविले. पण त्या तीव्र मात्रेने स्नायूलाच इजा होते असे आढळल्याने ही पद्धत दीर्घकाळ बाजूला पडली. भारतात हृदयशस्त्रक्रिया रुजली ती नेमक्या याच कालखंडात.

केईएममधील डॉ. सेन (१९१५–१९८२) यांनी हा प्रश्न वेगळ्याच बाजूने हाताळला. सर्पवर्गीय प्राण्यांत हृदयाच्या स्नायूला बरेचसे रक्त थेट हृदयाच्या कप्प्यातूनच मिळते. त्यावरून मानवी हृदयाच्या भिंतीला सुईने छिद्रे पाडल्यास कप्प्यातील रक्त उपाशी स्नायूपर्यंत पोहोचेल, अशी कल्पना त्यांनी मांडली. उदवाडिया, किणरे व परुळकर या सहकाऱ्यांसह केलेले हे प्रयोग १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. छिद्रे फार काळ खुली राहत नाहीत असे पुढे दिसून आले, तरी लेसरच्या साहाय्याने हीच कल्पना पाश्चात्त्य देशांत पुन्हा अवतरली. महानगरपालिकेच्या रुग्णालयात जन्मलेल्या या कल्पनेची दखल मराठी वैद्यकीय इतिहासलेखनात क्वचितच घेतली जाते, ही खेदाची बाब होय.

फेब्रुवारी १९६८ मध्ये सेन यांनी जगातील सहावे मानवी हृदयप्रत्यारोपण केले व त्याच वर्षी दुसरेही केले. दोन्ही रुग्ण काही तासांतच दगावले. या मृत्यूंचे खापर परक्या अवयवाच्या अस्वीकारावर फोडता येत नाही. त्या प्रतिक्रियेस सामान्यतः काही दिवस लागतात. त्या वेळी दात्याचे हृदय मुख्यतः थंड ठेवूनच टिकविले जात असे, आणि मेंदूमृत्यूला भारतात कायद्याची मान्यताही नव्हती.

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील हर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास सौम्य मात्रेचे पोटॅशियम-मॅग्नेशियमयुक्त द्रावण प्रचारात आणले. थंड द्रावणाने हृदय क्षणात शिथिल करावयाचे आणि ते ठरावीक अंतराने पुन्हा द्यावयाचे, ही रीत रूढ झाली. बकबर्ग यांनी पुढे याच कामी रक्ताचा उपयोग केला. गेवराईसारख्या तालुक्याच्या गावातील रुग्णाला झडप बदलण्यासाठी आजही मोठे शहर गाठावे लागते. तेथे त्याचे हृदय थांबविले जाते ते मेलरोज यांच्या टाकून दिलेल्या कल्पनेच्याच सुधारित रूपाने.

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ मध्ये संमत झाला व त्याच वर्षी ३ ऑगस्टला डॉ. वेणुगोपाल यांनी दिल्लीत यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले. तत्पूर्वी बारा वर्षे सेन यांचे निधन झाले होते.