द्रौपदीचा अनुत्तरित प्रश्न

धर्मग्रंथ वाङ्मय म्हणून वाचावा असे आम्ही म्हणतो, तेव्हा पुष्कळांना ते खटकते. देवघरातील पोथी उचलून कादंबऱ्यांच्या फळीवर ठेवल्यासारखे त्यांना वाटते. ही शंका प्रामाणिक आहे. म्हणून तिला तर्काने नव्हे, उदाहरणाने उत्तर देतो.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली. १९२५ पासून १९४३ साली निधन होईपर्यंत डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांनी तिचे संपादन सांभाळले. काश्मीरपासून केरळपर्यंतची, नाना लिप्यांतील हस्तलिखिते श्लोकाश्लोकाने ताडून पाहिली गेली. मागाहून शिरलेला मजकूर टाकून न देता तळटिपांत व परिशिष्टांत ठेवला. १९६६ साली अठराही पर्वे पुरी झाली.

या छाननीत सभापर्वातील एका लाडक्या प्रसंगाचे रूप पालटले. द्रौपदीने कृष्णाचा धावा केला आणि त्याने वस्त्रे पुरविली, असे आपण कीर्तनांतून ऐकत आलो. संशोधित पाठात वस्त्रामागून वस्त्र निघते खरे. पण तो धावा तेथे नाही, आणि वस्त्रे कोणी पुरविली याचा खुलासाही नाही.

मग उरते काय? उरतो द्रौपदीचा प्रश्न. जो राजा आधी स्वतःलाच हरला, त्याला मला पणास लावण्याचा अधिकार कोणता? धर्म सूक्ष्म आहे असे सांगून भीष्म निर्णय टाळतात. कौरवांपैकी विकर्ण तेवढा तिची बाजू घेतो. शेवटी धृतराष्ट्र वर देतो, पांडव सुटतात; निवाडा मात्र होत नाही.

धाव्याचे श्लोक रचणाऱ्यांना आम्ही खोटे म्हणणार नाही. त्या सभेचे मौन त्यांना सोसवले नाही, म्हणून त्यांनी देवाला हाक मारली. ती हाकही माणसाचीच, आणि म्हणून वाङ्मयाचीच आहे. परंतु मूळ कवीने प्रश्न उघडा ठेवला, याचे मोल आपण ओळखले पाहिजे. डोळ्यांसमोर अन्याय घडत असता शहाणी, वडीलधारी माणसे गप्प का बसतात, हे मानवी जीवनातले कोडे आजही सुटलेले नाही.

पोथीला हात जोडणारा त्या सभेच्या बाहेर उभा राहू शकतो. वाङ्मय म्हणून ती वाचणाऱ्याला मात्र सभेत भीष्मांशेजारी बसावे लागते; आणि द्रौपदी त्याच्याकडेही पाहत असते. यात पोथीचा मान कमी होतो, असे आम्हांला वाटत नाही.