भेटीची परवानगी



भिवंडीहून कशेळीची खाडी ओलांडून ठाण्यास आले म्हणजे जुन्या किल्ल्याच्या तटाआड असलेले कारागृह फार दूर राहत नाही. हा किल्ला पोर्तुगीजांनी १७३० साली बांधावयास घेतला, १७३७ साली मराठ्यांनी तो जिंकला आणि १७७४ साली तो इंग्रजांच्या हाती गेला. पुढे त्याचा तुरुंग झाला. अशा तटाला बाहेरच्या माणसांसाठी एकच झरोका असतो, तो म्हणजे बंदिवानाची भेट. त्या भेटीला लागणाऱ्या परवानगीविषयी आज दोन शब्द बोलावयाचे आहेत.

गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या आरोपावरून १८१५ साली त्र्यंबकजी डेंगळे यास या किल्ल्यात आणून ठेवण्यात आले. पहाऱ्यावर हेतुपुरस्सर गोरे शिपाई नेमले होते. मराठी बोल त्यांना कळत नसे. बिशप हेबर १८२५ साली या प्रांतात आला, तेव्हा त्याने लोकांच्या तोंडून ऐकलेली हकीकत लिहून ठेवली आहे. घोड्याला खरारा करता करता एक मोतद्दार खिडकीखाली गाणी म्हणे आणि त्या गाण्यांतूनच सुटकेचा बेत आत पोचे. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री त्र्यंबकजी निसटला. भेटीची वाट बंद झाली की माणूस अशी आडवाट शोधतो.

परंतु समुद्रापलीकडच्या बंदिवानासाठी आडवाट कोठून असणार? विनायकराव सावरकरांना १९११ च्या जूनमध्ये याच ठाण्याच्या तुरुंगातून अंदमानास रवाना केले. त्यांचे वडील बंधू बाबाराव यांना १९०९ साली जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती आणि ते आधीच तेथे पोचले होते. वर्षाकाठी एक पत्र, एवढाच दोन्ही कुटुंबांना आधार. भेट ही सरकारच्या मर्जीची बाब होती. बाबारावांच्या पत्नी सरस्वतीबाई, ज्यांना घरात येसूवहिनी म्हणत, त्यांची एकच आस होती : पतीस एकदा डोळ्यांनी पाहावे. त्यासाठी अर्ज झाले आणि वर्षामागून वर्षे गेली. अखेर परवानगी आली, पण ती १९१९ साली, येसूवहिनी निवर्तल्यानंतर!

त्याच वर्षी धाकटे बंधू नारायणराव आणि विनायकरावांच्या पत्नी यमुनाबाई अंदमानास जाऊन दोघा बंधूंना भेटले. यमुनाबाईंना पतीचे दर्शन आठ वर्षांनी घडले. जिने सर्वांआधी वाट पाहावयास आरंभ केला होता, ती मात्र त्या भेटीत नव्हती. बाबाराव १९२२ साली सुटले, ते रित्या घराकडे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. शिक्षा न्यायाधीश ठोठावतो, पण तिचा मोठा भाग अपराध न केलेल्या माणसांच्या वाट्याला येतो. आणि तो किती कठोर व्हावा हे पुष्कळदा निकालपत्रावर नव्हे, तर कचेरीतील एका कागदावर अवलंबून असते. नकार निदान स्पष्ट असतो. उशिरा आलेला होकार मात्र नकाराहूनही क्रूर ठरतो, कारण परवानगी देणे अशक्य नव्हते हे तो सिद्ध करतो.

स्वतंत्र भारतात या प्रश्नाला वेगळे वळण लागले. दिल्लीच्या कारागृहात स्थानबद्ध असलेल्या फ्रान्सिस कोरॅली मुलिन या परदेशी स्त्रीला आपल्या चिमुकल्या मुलीला महिन्यातून एकदाच भेटता येई. कच्च्या कैद्यांना मात्र आठवड्यातून दोनदा भेट मिळे. सर्वोच्च न्यायालयाने १३ जानेवारी १९८१ रोजी तो नियम रद्द ठरविला. आप्तेष्टांची भेट हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि तुरुंगाचे नियम त्यावर वाजवी तेवढेच बंधन घालू शकतात, असा तो निर्णय होय. जी गोष्ट कालपर्यंत मेहेरबानी होती, ती अशा रीतीने हक्क झाली.

तथापि हक्क कागदावर उतरला म्हणून अर्ज आपोआप पुढे सरकत नाही. तुरुंगाच्या दाराशी आजही कोणाची म्हातारी आई, कोणाची पत्नी मुलाखतीची पाळी येण्याची वाट पाहत उभी असते. त्यांच्या अर्जावर सही करणाऱ्या हाताने एवढेच स्मरावे की, भेटीचे मोल तिच्या वेळेत असते.