मोटारीची आंतली कांच

मोटारीच्या समोरच्या कांचेस एक बाहेरची आणि एक आंतली अशा दोन बाजू असतात, हें सांगण्यासाठीं मासिकाचीं पानें खर्चीं घालावीं काय, असें वाचकांस प्रथमदर्शनीं वाटेल. आम्हांसही गेल्या कार्तिकापर्यंत तसेंच वाटत होतें. त्या महिन्यांतील एका सायंकाळीं आम्ही सहकुटुंब वाईहून पसरणीच्या घाटानें पांचगणीस चाललों होतों. निघण्यापूर्वीं गाडी धुवून घेतली होती. बाहेरून ती आरशासारखी लखलखत होती. घाटांतील एका वळणावर मावळतीचें ऊन एकदम समोरून आलें आणि सारी कांच दुधासारखी पांढरी झाली. रस्ता नाहीं, कठडा नाहीं, कांहींच दिसेना. आम्हीं गाडी जागच्या जागीं थांबविली. डोळ्यांवर हात धरून पाहतों, तों चार हातांवर एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन, पाठमोरी, आपल्या वाटेनें चालली होती. तिला कांहीं कळलेंही नाहीं. आमच्या सौभाग्यवतींनीं कांचेवरून आंतल्या बाजूनें बोट ओढलें. मागें स्वच्छ रेघ उमटली आणि बोटाचें टोंक काळपट झालें. "अहो, धुणाऱ्यानें बाहेरून धुतली, आंतून कोणी पुसायची होती?" एवढेंच त्या म्हणाल्या.

प्रश्न रास्त होता. त्याचा मागोवा घेतां घेतां जें हातीं लागलें, तें येथें मांडीत आहों.

बाहेरच्या बाजूचा इतिहास पुष्कळांस ठाऊक आहे. १९०२-०३ च्या हिवाळ्यांत अमेरिकेंतील अलाबामा संस्थानची मेरी अँडरसन नांवाची बाई न्यूयॉर्क शहर पाहावयास गेली होती. बर्फमिश्रित पावसांत ट्रामचा हांक्या समोरची कांच उघडून, थंडीचा मारा सोशीत गाडी चालवीत असलेला तिनें पाहिला. घरीं परतल्यावर तिनें आंतून मूठ फिरवितांच बाहेरची कांच पुसणारा रबरी पट्टीचा दांडा योजिला व १० नोव्हेंबर १९०३ रोजीं त्याचें पेटंट मिळविलें. कॅनडांतील एका कंपनीनें त्यांत व्यापारी अर्थ नाहीं म्हणून तें नाकारलें, आणि मोटारींचा सुकाळ होण्याच्या वेळीं, १९२० सालीं, पेटंटाची मुदत संपून गेली. अमेरिकेंतील संशोधकांच्या राष्ट्रीय सन्मान-मंदिरांत तिचें नांव दाखल झालें तें २०११ सालीं! असो. बाहेरच्या बाजूस निदान अशी एक वाली होती. आंतल्या बाजूचें काम मात्र फडक्यावर सोंपविलें गेलें, आणि तें फडकें कोणाच्या हातीं असावें हें कधींच ठरलें नाहीं.

याचें कारण असें कीं, प्रारंभींच्या मोटारींस 'आंत' असा भागच नव्हता. चाकांवरच्या उघड्या पेटींत मंडळी बसत. पुढें उभी केलेली कांच ही केवळ वाऱ्यास आडोसा. तिच्या दोन्ही अंगांस एकच हवा खेळे, म्हणून ती आंतून धुरकटण्याचें कारण नव्हतें. १९१९ सालीं अमेरिकेंत तयार होणाऱ्या मोटारींपैकीं शेंकडा १० च काय त्या बंदिस्त होत्या. १९२७ सालीं तेंच प्रमाण शेंकडा ८५ वर गेलें. मध्यंतरीं, १९२५ सालीं, हडसन कंपनीनें आपल्या 'एसेक्स' गाडीचा बंदिस्त नमुना उघड्या नमुन्याहूनही स्वस्त केला होता. आठ वर्षांत एवढी उलथापालथ झाली. मोटार घर बनली, आणि घराबरोबर घरांतला केरही आला.

त्यांतला पहिला केर म्हणजे माणसाचा श्वास. ऊबदार दमट हवा थंड पृष्ठास लागली म्हणजे तिच्यांतील बाष्प तेथें थिजतें, ही गोष्ट लंडनचे वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स यांनीं दंवावरील आपल्या १८१४ च्या निबंधांत प्रयोगांनिशीं मांडली होती. परंतु सर्व थंड कांचा सारख्या आंधळ्या होत नाहींत, आणि येथेंच आमच्या विषयाचें मर्म आहे. १९११ सालीं लॉर्ड रॅले व जॉन एटकेन या दोन शास्त्रज्ञांनीं कांचेवर उमटणाऱ्या श्वासाच्या आकृतींविषयीं 'नेचर' पत्रांत चर्चा केली. कांचेवरून फुंकनळीची ज्योत फिरवून नेली आणि मग तिजवर श्वास सोडला, तर बाकीची कांच पांढुरकी होते, पण ज्योत गेली ती रेघ स्वच्छ राहते. पाणी तेथेंही जमतेंच. पण तें थेंबाथेंबांनीं न बसतां सलग पातळ पापुद्र्यासारखें पसरतें, आणि त्यांतून दृष्टि आरपार जाते. कारणाविषयीं दोघांत वाद झाला. रॅले यांचा रोख कांचेवरच्या तेलकट पुटाकडे होता. म्हणजे मळ हा एक दोष आणि धुकें हा दुसरा, असें नव्हे; मळ धुक्यास बसावयास पाट मांडून देतो. पावसाळ्यांत कांच धुकटते म्हणून आपण पावसास बोल लावतों, पण अर्धा अपराध उन्हाळ्यांत न पुसलेल्या कांचेचा असतो.

त्यानंतर तीन वर्षांनीं महायुद्ध सुरू झालें. १९१५ पासून विषारी वायूचे हल्ले होऊं लागले, आणि तोंडास मुखवटे बांधलेल्या शिपायांस डोळ्यांपुढच्या कांचा स्वतःच्याच श्वासानें अंध होतात असा अनुभव येऊं लागला. खंदकांत न दिसणें म्हणजे मरणें. मग कोणी कांचेस लेप लावी, कोणी ती पुसण्याची युक्ति काढी. फ्रान्सच्या टिसो नामक शास्त्रज्ञानें निराळाच विचार केला: आंत घेतली जाणारी ताजी, कोरडी हवा आधीं कांचांवरून फिरवावी व नंतर नाकाकडे न्यावी. कांच न पुसतांच स्वच्छ राहूं लागली. आज मोटारीचें बटण दाबतांच खालच्या फटींतून हवेचा झोत कांचेवर चढतो, त्याच्या मुळाशीं हेंच तत्त्व आहे. मोटारवाल्यांनीं तें टिसोकडूनच उचललें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या सोयीस आपण चैनीची समजतों, तिचा उपयोग आधीं जीव वांचविण्यासाठीं झाला होता, एवढें खरें.

मोटारींत हें तत्त्व हळूहळू आलें. १९३३ सालीं जनरल मोटर्सच्या गाड्यांच्या खिडक्यांस उभ्या आंसावर फिरणारी लहानशी तिरपी कांच बसूं लागली. १९३८ च्या नॅश गाड्यांत बाहेरची हवा गाळून, तापवून आंत घेण्याची योजना झाली. १९६४ सालच्या फोर्ड कॉर्टिनामध्यें हवा पुढून शिरून मागच्या खांबांतील झडपांवाटे बाहेर पडूं लागली. यापैकीं तिरपी कांच आपल्याकडे पुष्कळ काळ टिकली. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेल्या 'प्रीमियर पद्मिनी'स ती होती, आणि ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी उठली, तोंपर्यंत तीच त्या गाडीची खरी वातानुकूल योजना होती. पावसांत टॅक्सीवाला एका हातानें ती किंचित् कलती करी, आणि दुसऱ्या हातानें समोर ठेवलेलें फडकें उचलून कांचेवर फिरवी. तें फडकेंच तेलकट असे, म्हणून कांचेवर इंद्रधनुष्य उमटे, तो भाग निराळा.

कांहीं काळ तर मळ कांचेच्या पोटांतच शिरला होता. एदुआर बेनेदिक्तुस या फ्रेंच कलावंत-रसायनज्ञाच्या हातून १९०३ सालीं एक कुपी पडली. ती तडकली, पण आंत वाळलेल्या सेल्युलोज नायट्रेटच्या पापुद्र्यामुळें विखुरली नाहीं. यावरून दोन कांचांमध्यें पापुद्रा दडपून न विखुरणारी कांच करण्याची कल्पना निघाली व १९०९ सालीं तिचें पेटंट झालें. मुखवट्यांच्या डोळ्यांसही ती कांच वापरली गेली; पुढें मोटारींस बसली. पण सूर्यप्रकाशानें तो पापुद्रा पिवळा पडे, आणि तो कितीही घांसला तरी निघत नसे, कारण तो ना आंत, ना बाहेर! १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस नवा पारदर्शक पदार्थ मिळाला तेव्हां हें दुखणें संपलें.

तें संपतें न संपतें तोंच दुसरें उभें राहिलें, आणि आमच्या बोटास लागलेला काळपटपणा त्याचाच. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारीचें अंतरंग प्लास्टिकचें झालें. तें मऊ राहावें म्हणून त्यांत तेलासारखीं द्रव्यें मिसळतात. मे महिन्याच्या उन्हांत बंद गाडी तापली कीं हीं द्रव्यें वाफ होऊन उडतात आणि रात्रीं थंड कांचेवर पुटासारखीं बसतात. त्यावर रस्त्याची धूळ आणि, शौकीन असल्यास, सिगारेटचा धूर. नव्या गाडीचा जो वास आपण कौतुकानें हुंगतों, त्याच्या गोत्यांतलेंच हें पूट. जर्मनींत याची कसोटी ठरलेली आहे: प्लास्टिकचा तुकडा पात्रांत घालून १०० अंशांपर्यंत तापवावयाचा, वर २१ अंशांवर थंड राखलेली कांच झांकावयाची, आणि तीन तासांनीं तिची चकाकी किती उणावली तें मोजावयाचें. आमची गाडी ही कसोटी रोज दुपारीं फुकट देत असते.

असें पूट दिवसा दिसत नाहीं. उजेड पाठीशीं असेल तोंवर कांच निर्मळ भासते. सूर्य किंवा समोरच्या गाडीचा दिवा तिरपा पडला कीं त्यांतील कण न् कण उजळतो. यासाठीं धुणाऱ्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. तो मालकाला दिसेल तेवढेंच पुसतो. ओल्या फडक्यानें पुसून कोरड्या, धुतलेल्या फडक्यानें घांसणें, एवढाच उपाय. आंतून आडवें व बाहेरून उभें घांसावें, म्हणजे राहिलेला ओरखडा कोणत्या अंगाचा तें कळतें. तसेंच, मुंबईच्या पावसाळ्यांत गाडी आंतून फार थंड केली तर धुकें बाहेरून धरतें. त्या वेळीं आंतून कितीही पुसा.

आम्हांस लहानपणीं गांवीं कंदिलाची कांच पुसण्याचें काम असे. ओगलेवाडीचा 'प्रभाकर' कंदील होता. राखेनें माखलेली चिंधी घेऊन कांचेंत हात घालावयाचा. तो मोठ्यांचा जात नसे म्हणून हें काम मुलांकडे. त्या दिवशीं पांचगणीस पोंचल्यावर आम्हीं वर्तमानपत्र ओलें करून मोटारीची कांच पुसावयास घेतली. वरचा भाग झाला. पण खालीं, जेथें कांच फळीस टेंकते त्या चिंचोळ्या कोनांत आमचा हात शिरेना. शेवटीं आमच्या आठ वर्षांच्या पुतणीस पुढच्या आसनावर गुडघे टेंकून बसविलें, आणि तिनें तेथला मळ काढला.