इतवारीचा सराफ आणि चिन्यांची 'मोडकी' इंग्रजी

नागपूरच्या इतवारीतील सराफा बाजार सर्वांना ठाऊक आहे. हाँगकाँगमध्ये मात्र वाहनतळाचे पैसे भरण्याच्या खिडकीवर आजही इंग्रजीत 'श्रॉफ' अशी पाटी आढळते. लंडनहून आलेला पाहुणा ती वाचून गोंधळतो. नागपूरकराने गोंधळण्याचे कारण नाही. हा आपलाच सराफ. मूळचा अरबी, फारसीमार्गे हिंदुस्थानात रुळलेला आणि व्यापाऱ्यांच्या गलबतांतून चीनला गेलेला.

१७५७ पासून १८४२ पर्यंत चीनच्या किनाऱ्यावर युरोपीय व्यापाऱ्यांना कँटन हे एकच बंदर खुले होते आणि परकीयांना चिनी भाषा शिकविण्यास मनाई होती. ही मनाई कागदोपत्री नव्हती. १७५९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या जेम्स फ्लिंटने चिनी भाषेत लिहिलेली तक्रार थेट बादशहापर्यंत पोहोचविली. फ्लिंटला कैद झाली. त्याला साहाय्य करणाऱ्या चिनी माणसाचे मात्र शिर गेले.

भाषा शिकणे जिवावर बेतू लागले आणि व्यवहार तर थांबेना, तेव्हा बाजारानेच एक बोली घडविली. तिचे नाव पिजिन. 'बिझनेस' या शब्दाच्या चिनी उच्चारातून ते आले असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. शब्द बहुतांशी इंग्रजी, वाक्याची ठेवण चिनी, मधूनमधून 'सावी'सारखे पोर्तुगीज शब्द. चिनी दुकानदार ती स्वस्त पुस्तिकांवरून शिकत. 'लाल केसवाल्यांची' बोली म्हणून छापलेल्या त्या पुस्तिकांत इंग्रजी लिपीचे एक अक्षरही नसे. उच्चार चिनी चिन्हांत लिहिलेले असत.

या बोलीत हिंदुस्थानचाही वाटा होता. चिठ्ठीची 'चिट' झाली, छापाचा 'चॉप' झाला. कँटनमध्ये येणारी स्पॅनिश चांदीची नाणी खरी की खोटी, हे पारखणारा तो 'श्रॉफ'. आणि पारखलेल्या नाण्यावर ठोकलेली खूण म्हणजे 'चॉप'. अशी छापांनी चाळणी झालेली नाणी आजही संग्रहालयांत पाहावयास मिळतात.

मुंबईच्या पारशी पेढ्या अफू आणि कापूस घेऊन याच किनाऱ्यावर उतरत. (अफूचा उल्लेख टाळून हा इतिहास सांगण्याची आपली सवय फारशी प्रामाणिक नाही.) १८५९ मध्ये वडिलांच्या पेढीसाठी हाँगकाँगला गेलेल्या एका तरुणाच्या कानांवरही ही बोली पडली असणार. त्याचे नाव जमशेटजी टाटा. पुढे १ जानेवारी १८७७ रोजी त्यांनीच नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली.

इंग्रजांना ही बोली हास्यास्पद वाटे. ते स्वतःही कँटनमध्ये तीच बोलत, ही गोष्ट निराळी. १८७६ मध्ये चार्ल्स लेलंड या अमेरिकी लेखकाने पिजिनमधील विनोदी पद्यांचा संग्रहच प्रसिद्ध केला. विनोद कोणाच्या जिवावर होता, हे सांगण्याची गरज नाही. शांघायमध्ये इंग्रज आणि फ्रेंच वसाहतींच्या मधून यांगजिंगबांग नावाचा ओढा वाहत असे. तो विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बुजविला गेला, परंतु सदोष इंग्रजीला चिनी भाषेत आजही त्याच ओढ्याच्या नावाने ओळखतात. लाज इतकी खोल मुरली की २००८ च्या ऑलिंपिकपूर्वी बीजिंगच्या प्रशासनाने पाट्यांवरील अशुद्ध इंग्रजी सुधारण्याची मोहीमच उघडली.

त्याच सुमारास चिनी तरुणांनी मात्र डाव उलटविला. ते समाजमाध्यमांवर जाणूनबुजून 'मोडकी' इंग्रजी लिहू लागले. 'नो झुओ नो डाय' म्हणजे नसती उठाठेव केली नाही, तर अंगाशी येत नाही. 'पीपल माउंटन पीपल सी' म्हणजे माणसांचे डोंगर, माणसांचा समुद्र. आपल्याकडे जनसागर म्हणतात, चिन्यांनी त्याला डोंगरही जोडला. 'गुड गुड स्टडी, डे डे अप' हे तर माओने १९५१ मध्ये लिहिलेल्या 'नीट अभ्यास करा, रोज प्रगती करा' या घोषणेचे शब्दशः इंग्रजी. अधिकृत घोषणेची अशी थट्टा चिनी भाषेत करण्यापेक्षा या इंग्रजीत करणे अधिक निर्धोक असते.

'ॲड ऑइल', अर्थात 'तेल घाला', हा कँटनी भाषेतील प्रोत्साहनाचा उद्गार. २०१८ मध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाने त्याची नोंद केली. ज्या इंग्रजीत 'नो कॅन डू' हा पिजिनचा प्रयोग आधीच सुखाने नांदत होता, तिला हा पाहुणा नवा नव्हता.